निनावी कोरडा ओढा

देवळाली कॅम्प
५ मे २०२५

श्रीयुत समाधान यांस,

जयभीम. एवढं तरी तू परत पाठवणार नाहीस असं धरून चालते.

फोन तू ब्लॉक केलास. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटोसुद्धा दिसत नाही. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. खिडकीवरच्या माणसानं पत्ता वाचला आणि म्हणाला, "मॅडम, निमाणीला एक बस बदलली की तुम्हीच पोचाल की घरी. स्पीड पोस्ट कशाला?" म्हटलं, तुम्ही शिक्का मारा.

माफी मागायला लिहीत नाहीये. ती मागून झाली. आईचे पाय धरून मागितली, आणि तू दार लावून घेतलंस तेव्हा दारालाही मागितली. आजचं काम वेगळं आहे.

पंचवटीच्या भाजी बाजारात वत्सलाबाई भेटल्या. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर वस्तीच्या बातम्या त्या फुकटच देतात, तुला माहीत आहे. म्हणाल्या, "वरल्या अंगाला प्लॉटिंग पडलंय. कोरडीत मुरूम टाकून राह्यले. पार फरशी पुलापर्यंत बुजवत आनली. तुझा दादा एकलाच भांडतोय, लय पळतोय, पन पुरावा नाय त्याच्याकडं." मग कळलं की तू हरकत घेतली आहेस, २६ तारखेला सुनावणी आहे, आणि प्लॉटिंगवाल्यांच्या अहवालात लिहिलंय, 'नाला कोरडा, प्रवाह आढळत नाही.'

मला बाजारात उभ्या उभ्या हसू आलं आणि मग असा संताप आला की विचारू नकोस. अरे, त्या नाल्याचं नावच कोरडी आहे! साहेब भर उन्हाळ्यात आला असणार, गाडीची काच खाली करून कुणाला तरी विचारलं असणार, "हा कोणता नाला?" तो म्हणाला, "कोरडी." साहेबानं लिहून घेतलं, कोरडा. झाली पाहणी.

कोरडी बुजली की डोंगराचं सगळं पाणी आपल्या वस्तीत शिरणार. गेल्या वर्षी अर्धीच बुजवली होती, तर आईची कॉट विटांवर चढवावी लागली म्हणे. कोरडीला किती पाणी येतं हे तुला आणि मला कुणी शिकवायला नको. आपला धाकटा संघर्ष त्याच पाण्यात गेला.

लिहिलं बघ त्याचं नाव. चौदा वर्षांत आपण दोघांनी एकमेकांसमोर उच्चारलं नव्हतं.

तर मुद्दा असा. मी कॉलेजच्या लायब्ररीत काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. प्राध्यापकांना जुने प्रबंध, नकाशे, फोटो, रेकॉर्डिंग लागतात, ते जगभरच्या विद्यापीठांच्या डिजिटल संग्रहांतून मी शोधून देते. हा नाला वाहतो याचा पुरावा कुठे तरी असणारच. मी तो काढते. तू माझ्याशी बोलायची गरज नाही, फक्त पाकीट घे.

तेजल


देवळाली कॅम्प
१० मे

समाधान,

पत्र परत आलं नाही, म्हणजे घेतलंस. वाचलंस की चुलीत घातलंस ते तुझं तू जाण.

अजून काही सापडलं नाही. पण काय काय सापडलं ते ऐक, नाहीतर मी एकटीच वेडी होईन. 'नाशिक, नाला' असं टाकलं तर द्राक्षांवरच्या बुरशीचे प्रबंध आले, एकापाठोपाठ एक. शंभर वर्षांपूर्वीच्या घाटाचा काचेवरचा फोटो आला, त्यात एक म्हातारी डोळे वटारून थेट माझ्याकडे बघतेय. देवळालीच्या गोऱ्या सोल्जरांच्या मेसमध्ये नाताळला काय जेवण होतं, तो छापील कागद आला. एका शेळीच्या मोडलेल्या पायाचा एक्स-रे आला. तो का आला, देव जाणे, म्हणजे जो कोणी जाणत असेल तो. दिंडोरीकडून शोधावं म्हणून 'वणी' टाकलं, तर यवतमाळची वणी निघाली आणि कोळशाच्या खाणींचे नकाशे पानंच्या पानं. एक जुना नकाशा आपलाच होता, त्यावर आपला डोंगरही होता, पण नेमक्या कोरडीच्या जागी स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. खरंच अंगठा, नखासकट. मी त्या अंगठ्याला नाही नाही ते बोलले.

'कोरडी' टाकून पाहिलं तर कोरडवाहू शेती, कोरडा दुष्काळ, कोरडा खोकला.

या संग्रहांचं असंच असतं. सगळं असतं त्यात, पण ठेवणाऱ्यानं जे नाव दिलं त्याच नावानं. आपण आपल्या नावानं कितीही हाका मारल्या तरी ते ओ देत नाही.

तोफांचा सराव चालू आहे, काचा थडथडतात. मी रोज लायब्ररी बंद झाल्यावर थांबतेय. आईच्या कॉटखाली विटा अजून आहेत का, एवढं वत्सलाबाईंना सांग. मला नको सांगू.

तेजल


देवळाली कॅम्प
१४ मे

समाधान,

सापडलं.

आज डोक्यात आलं, जी चूक साहेबानं केली तीच दुसऱ्या कुणी केली असेल तर? इंग्रजीत टाकलं, सुका ओढा, नाशिक. आणि आलं बाबा. एका विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात, बेडकांच्या आवाजांत. नोंद अशी आहे, मी मराठी करून लिहिते: 'निनावी कोरडा ओढा, दिंडोरी रस्त्याजवळ, नाशिक.' जयराम नावाचा कुणी विद्यार्थी बेडकांवर अभ्यास करत होता. त्यालाही कुणी तरी 'कोरडी' सांगितलं असणार, आणि त्यानंही तेच केलं.

जागेचे आकडे दिलेत. ते नकाशावर टाकले तर खूण पडली ती फरशीच्या पलीकडच्या काठाला, त्या वाकड्या बाभळीपाशी. सुरुवातीला तो स्वतः बोलतो, सगळं स्वच्छ ऐकू येतं. तारीख, वार, वेळ. "ओढा दुथडी भरून वाहतोय, फरशी पूर्ण पाण्याखाली." सुनावणीला याहून जास्त काय पाहिजे?

पण तारीख मी तीनदा वाचली. तारीख तीच आहे, समाधान. ऑगस्टातली. वेळही तीच.

मुलगा माइक बाभळीला बांधून, त्याला प्लास्टिक गुंडाळून कुठे तरी आडोशाला गेला असणार. मशीन चालूच राहिलं. आधी बेडूक आहेत, मग पाणी, पाणी आणि पाणी. नोंदीच्या खाली त्यानं एक ओळ लिहिलीय: 'पुढील भागात मानवी आवाज. अभ्यासासाठी निरुपयोगी.'

मी तिथवर ऐकलं आणि बंद केलं.

तुला आठवतं तेच मला आठवतं, फक्त एक गोष्ट सोडून. मी कॉलेजातून आले आणि पाणी वाढल्यामुळे पलीकडे अडकले. अलीकडे तू आणि संघर्ष, माझी छत्री घेऊन आलेले. छत्री त्याच्या हातात होती. बारा वर्षांचं पोरगं, बहीण भिजू नये म्हणून आलेलं. मी काही तरी ओरडले. तो फरशीवर उतरला.

संध्याकाळी तू आईला सांगितलंस, "तेजलनं त्याला 'ये' म्हणून हाक मारली." आईनं माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही, कारण मला आठवतच नव्हतं मी काय ओरडले ते. आजही आठवत नाही. माझ्या डोक्यात तिथे नुसतं पाणी आहे. तू म्हणालास 'ये', तर 'ये'च असेल, माझा दादा कशाला खोटं बोलेल, असं मी धरलं. त्याच एका शब्दावर मी घर सोडलं.

आता तो शब्द या मशीनमध्ये आहे. बटण दाबायचं आहे फक्त. मला भीती वाटते, दादा. असंच वाटत राहतं की मी खरंच 'ये' म्हणाले असेन.

तेजल


१५ मे

समाधान,

ऐकलं.

माझा आवाज माइकच्या अगदी जवळ आहे. एकेक अक्षर कळतं. "येऊ नको! संघ्या, येऊ नको रे! मागं हो!"

येऊ नको म्हणाले मी. दोनदा.

मग थोडा वेळ पाणी आहे. आणि मग लांबून, पाण्याच्या पलीकडून एक बारीक आवाज येतो. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही तो काय म्हणतोय ते. मला कळलं, कारण त्या आवाजात मी लहानपणापासून शिव्या खाल्ल्यात. "जा ना. बोलावतीय ती तुला. जा, भितो काय!"

तू.

तू पाठवलंस त्याला.

त्याच्यापुढे मी तिसऱ्यांदा 'नको' ओरडते. पुढचं मी लिहिणार नाही. ते तू पाहिलंस.

अरे, लाज कशी वाटली नाही तुला? चौदा वर्षं! बाबांना खांदा द्यायला सगळी वस्ती होती आणि मला तू रस्त्याच्या कडेला उभं केलंस. आईनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, ते तू उभा राहून बघितलंस. भीमजयंतीला मी वस्तीत आले तर पोरांना सांगितलंस, तिच्याशी बोलायचं नाही. आणि 'जा' हा शब्द एवढा काळ पोटात ठेवून जेवत होतास? झोप लागत होती? माझ्या तोंडचा शब्द सगळ्यांना सांगितलास आणि तुझ्या तोंडचा गिळून बसलास!

मी वेडी. मी रात्रंदिवस स्वतःला विचारायची, का गं म्हणालीस 'ये', काय घाई होती छत्रीची. रस्त्यात कुणी पोराला 'ये' म्हटलं तरी मी रस्ता बदलते. हे तू केलंस माझं.

हे पत्र मी फाडणार नाहीये. आत्ता जाऊन टाकते पेटीत, म्हणजे विचार बदलला तरी परत काढता येणार नाही.

तेजल


देवळाली कॅम्प
२० मे

दादा,

पाच दिवस गेले. तुझ्याकडून काही नाही. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. पहिल्यांदा तुला पकडायला ऐकत होते, नंतर नंतर नुसतं ऐकायला. एका जागी संघ्या हसतो. 'भितो काय' म्हणालास ना, त्याच्यावर तो हसतो. तेवढंच त्याचं आहे त्यात.

आधी कामाचं सांगते. संग्रहवाल्यांना मी लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, सही-शिक्क्यासकट, की फाइल मूळ आहे, त्या तारखेची आहे, काही बदललेलं नाही. पण हे पत्र अख्ख्या फाइलसाठीच आहे. तुकडा करून दिला तर ते जबाबदारी घेणार नाहीत.

खरं सांगू? मी तुकडा करून पाहिला. 'फरशी पूर्ण पाण्याखाली' इथपर्यंत ठेवलं आणि पुढचं उडवलं. सोपं आहे, कुणालाही जमेल. सुनावणीपुरतं चाललंही असतं कदाचित. मग वाटलं, प्लॉटिंगवाल्यांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, बाई, पुढचं का कापलं? त्याच्याकडेही कॉम्प्युटर आहे, तोही शोधू शकतो. आणि वकिलाचं जाऊ दे. कापलं तर तू सुटतोस आणि मी पुन्हा तीच राहते, 'ये' म्हणणारी. ते मला आता जमणार नाही, दादा. मी तो तुकडा पुसून टाकला.

आता दुसरं. रागाच्या पत्रातलं एकही अक्षर मी मागे घेत नाही. पण तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. माइक माझ्या बाजूला होता. तू जिथे उभा होतास तिथे मधे सगळं पाणी होतं. मी 'येऊ नको' म्हणाले त्यातलं पहिलं 'ये' तुझ्यापर्यंत आलं असेल, पुढचं पाण्यानं खाल्लं. आपल्या बोलण्यात 'नको' शेवटी येतो ना. तू आईला सांगितलंस ते खोटं नव्हतं. तुला 'ये'च ऐकू आलं होतं. म्हणूनच तू त्याला 'जा' म्हणालास. बहीण बोलावतेय आणि पोरगं बिचकतंय, एवढंच दिसलं तुला.

'जा' मात्र लपवलंस. ते लपवायचं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं असतंस तर आपण दोघं मिळून रडलो असतो. इतकी वर्षं मी एका टोकाला रडले आणि तू दुसऱ्या, आणि आई मधे, कुणाकडे बघायचं ते न कळून.

आणि एक सांगू का? कुणाला सांगितलं नाही. परवा भांडी घासता घासता मनात आलं, मी 'नको येऊ' का नाही ओरडले? आपण दोन्ही बोलतो. 'नको येऊ' म्हटलं असतं तर 'नको' आधी पोचला असता. पुढचं 'येऊ' पाण्यानं खाल्लं असतं तर खाल्लं असतं. भांडी तशीच टाकून मी बसून राहिले.

म्हणजे बघ, मी सुटले असं काही नाही. सुटत कुणीच नाही बहुतेक.

सुनावणी सोमवारी आहे. फाइल पेनड्राइव्हवर आहे, पत्र पाकिटात आहे. ती लावायची तर अख्खी लावायची. साहेब ऐकणार, प्लॉटिंगवाले ऐकणार, वस्तीतली जी माणसं येतील ती ऐकणार. तुझा आवाज बारीक आहे, पण विचारलं तर तो कुणाचा ते मला सांगावं लागेल, आणि मी खोटं सांगणार नाही. न लावली तर मुरूम फरशीपर्यंत आलेलाच आहे. पावसाळ्यात पाणी आधी आईच्या कॉटखाली येईल, मग वत्सलाबाईंकडे, मग सगळीकडे. तिथेही एखादं बारा वर्षांचं पोरगं असेलच.

तुझ्यावर हे मी लादणार नाही. तुझ्या परवानगीशिवाय पेनड्राइव्ह पर्समधून काढणार नाही, शब्द देते. पण ठरव. मला सोमवारी बोलवायचं असेल तर 'ये' लिही. नसेल तर 'येऊ नको' लिही. कागद वत्सलाबाईंकडे दे, मी रविवारी बाजारात जाते. आणि आईला सांगायचं ते तू सांग. फाइलीतून कळायला नको तिला.

तेजल


देवळाली कॅम्प
२५ मे

दादा,

हे पत्र तुला मिळायच्या आत आपण भेटलेलो असू. तरी लिहिते, सवय लागली आता.

सकाळी बाजारात गेले. वत्सलाबाईंकडे गिऱ्हाईक होतं, मला म्हणाल्या, "थांब जरा." मी थांबले. टोपलीच्या कडेला उभी राहिले. गिऱ्हाईक मेथी निवडत होतं, बाईनं मेथीचं एकेक पान बघितलं असेल, मला तिला ढकलून द्यावंसं वाटत होतं.

ती गेली तशा वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "परवा तुझा दादा आईच्या पुढ्यात बसला आन् सगळं बोलला. दार उघडंच व्हतं, आमी समद्यांनी ऐकलं. लय रडला गं. तुझी आई लताबाई नाय रडली. नुसती बसून राह्यली. त्याच्या डोक्यावर हात ठेवू का नको, असं तिचं चाललं व्हतं, मंग ठेवला." मी विचारलं, आई काही बोलली का? म्हणाल्या, "काल मला इचारीत व्हती, तेजल आजून बाजरीची भाकर खाती का आता पोळ्याच लागत्यात तिला?"

खाते म्हणावं. बाजरीचीच खाते.

संग्रहवाल्यांना आज मेल केला. त्यांना कळवलं की ओढा निनावी नाही, त्याचं नाव कोरडी आहे आणि तो कोरडा नाही. 'निरुपयोगी' हा शब्द काढा असंही लिहिलं. मानवी आवाज कुणाचे, ती नावं तिथे द्यायची का, ते तिघांपैकी राहिलेले आपण दोघं मिळून ठरवू.

आणि हो, कागद मिळाला. कोथिंबिरीच्या जुडीत, सुतळीखाली खोचलेला. ओला झाला होता, पण शाई फुटली नव्हती. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मात्रा मोडकी. दोनच अक्षरांएवढी जागा आणि त्यात एकच अक्षर.

मी कागद उलटून पाहिला. उन्हात धरून पाहिला. सुतळी सोडली, जुडी मोकळी केली, काड्यांत फाटलेला तुकडा राहिलाय का ते पाहिलं. वत्सलाबाई ओरडल्या, "अगं, कोथमीर सांडती सगळी!" सांडू दे म्हटलं. मला खात्री करून घ्यायची होती की 'ये'च्या पुढे काही नाही.

काही नव्हतं.

येते.

तेजल